‘स्मॉग’ शब्दाची जन्मकथा



हिवाळा सुरू झाला, की वर्तमानपत्रांत दिल्लीचे एक छायाचित्र हमखास येते. करड्या-पिवळसर पडद्याआड दडलेले रस्ते, दिवे लावून सरकणाऱ्या मोटारी आणि नाकाला रुमाल लावून शाळेत निघालेली मुले. छायाचित्राखाली लिहिलेले असते, ‘राजधानीवर स्मॉगची चादर’.

हा ‘स्मॉग’ म्हणजे काय? ‘स्मोक’ म्हणजे धूर आणि ‘फॉग’ म्हणजे धुके. या दोन इंग्रजी शब्दांच्या मिश्रणातून ‘स्मॉग’ झाला, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. धूर हा शब्द होता, धुके हाही शब्द होता. मग तिसऱ्या शब्दाची गरज का पडली? तो कोणी रूढ केला? आणि एकदा रूढ झाल्यावर त्याने शास्त्रज्ञांना मदत केली, की त्यांची वाट चुकवली? या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता आपल्याला थोडे भाषाशास्त्र, थोडे रसायनशास्त्र आणि थोडे हवामानशास्त्र अशी तिन्ही शास्त्रे भेटणार आहेत.

दोन कप्प्यांची पेटी

आधी शब्दांच्या मिश्रणाविषयी थोडेसे. दोन शब्द जोडून नवा शब्द करण्याची रीत आपल्याला नवी नाही. ‘राजवाडा’, ‘देवघर’, ‘पोळपाट’ हे सारे सामासिक शब्द. समासात दोन्ही शब्द बहुधा सबंध राहतात. ‘देवघर’ फोडले, तर ‘देव’ही सापडतो आणि ‘घर’ही सापडते. ‘स्मॉग’ची गोष्ट निराळी आहे. तेथे पहिल्या शब्दाचे फक्त डोके घेतले आहे आणि दुसऱ्याचे फक्त धड. ‘स्मोक’मधील आरंभीचा ‘स्म’ आणि ‘फॉग’मधील शेवटचा ‘ऑग’ यांची ही जोडणी आहे. अशा शब्दांना आपण या लेखापुरते ‘मिश्रशब्द’ म्हणू.

इंग्रजीत अशा शब्दांना एक गमतीदार नाव आहे, ‘पोर्टमँटो शब्द’. पोर्टमँटो म्हणजे मधोमध उघडणारी, दोन कप्प्यांची चामडी प्रवासी पेटी. हे नाव दिले लुइस कॅरल या लेखकाने, १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या पुस्तकात. कॅरल हे टोपणनाव. खरे गृहस्थ चार्ल्स डॉजसन हे ऑक्सफर्डमधील गणिताचे अध्यापक होते. त्यांच्या गोष्टीत भिंतीवर बसलेला हम्प्टी डम्प्टी ॲलिसला समजावून सांगतो, की काही शब्दांत दोन अर्थ पेटीत भरावेत तसे भरलेले असतात. कॅरलने स्वतः केलेला ‘चॉर्टल’ हा शब्द पुढे इंग्रजी शब्दकोशांत जाऊन बसला. ‘चकल’ म्हणजे मनातल्या मनात हसणे आणि ‘स्नॉर्ट’ म्हणजे नाकाने फुसकारणे. या दोहोंचे ते मिश्रण आहे.

विज्ञानाला तर असे शब्द फार सोयीचे वाटले. १९४८ साली नाव मिळालेला ‘ट्रान्झिस्टर’ हा ‘ट्रान्स्फर’ आणि ‘रेझिस्टर’ यांपासून झाला. संगणकातील ‘बिट’ म्हणजे ‘बायनरी डिजिट’. गहू आणि राय यांच्या संकरातून तयार केलेल्या ‘ट्रिटिकेल’ या धान्याचे नावसुद्धा त्या दोन वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचा, ‘ट्रिटिकम’ आणि ‘सिकेल’ यांचा संकर करूनच बनवले आहे. जसे धान्य तसे नाव!

कुळाची चौकशी

आता ‘स्मॉग’च्या आई-बापांकडे वळू. इंग्रजी ही जर्मानिक कुलातील भाषा आहे. जर्मन, डच, डॅनिश, स्वीडिश या तिच्या बहिणी. ‘स्मोक’ हा शब्द या कुलातील जुनाजाणता सभासद आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘स्मोका’ असा होता. डच भाषेत त्याचा भाऊ ‘स्मोक’ आणि जर्मन भाषेत ‘श्माउख’ आहे. गंमत अशी, की धुरासाठी जर्मन लोक रोजच्या बोलण्यात ‘राउख’ हा दुसराच शब्द वापरतात. त्याचा इंग्रजी भाऊ ‘रीक’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ धूर असा होता. आजच्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ ‘दुर्गंधी सुटणे’ एवढाच उरला आहे. स्कॉटलंडमध्ये तो जुना अर्थ टिकून राहिला. चुलींच्या धुराने भरलेल्या एडिंबरो शहराला तेथील लोक लाडाने ‘ऑल्ड रीकी’ म्हणजे ‘जुनी धुरकटलेली’ म्हणत आले आहेत.

‘फॉग’ हा शब्द मानाने लहान आहे. दाट धुके या अर्थी तो इंग्रजीत सोळाव्या शतकात दिसू लागतो. तो बहुधा उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियातून आलेला असावा. वाऱ्याने उडणाऱ्या हिमकणांच्या लोटाला डॅनिश भाषेत ‘फोग’ म्हणतात. त्याच्या आधीपासून इंग्रजीत असलेला धुक्याचा शब्द म्हणजे ‘मिस्ट’. याचे नाते कोणाशी आहे, ठाऊक आहे? आपल्या ‘मेघ’ शब्दाशी! वैदिक संस्कृतात ‘मिह्’ म्हणजे धुके, आणि ‘मेघ’ त्याच धातूच्या घरचा. तसेच जर्मन भाषेतील ‘नेबेल’ म्हणजे धुके, हा आपल्या ‘नभ’चा नातलग.

मग ‘धूम’ या संस्कृत शब्दाचे इंग्रजीत कोणी आहे की नाही? आहे, पण तो जर्मानिक वाटेने आलेला नाही. लॅटिनमध्ये धुराला ‘फूमुस’ म्हणतात. संस्कृत ‘धूम’ आणि लॅटिन ‘फूमुस’ हे सख्खे भाऊ. मूळ ‘ध’चा लॅटिनमध्ये शब्दारंभी ‘फ’ झाला. या ‘फूमुस’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘फ्यूम’ आला. प्रयोगशाळेत ‘फ्यूमिंग नायट्रिक ॲसिड’ ही चिठ्ठी डकवलेली बाटली पाहिलीत, की ध्यानात ठेवा, त्या चिठ्ठीवर आपला ‘धूम’च बसला आहे. ‘स्मोक’ आणि ‘धूम’ यांचा अर्थ एक, पण कूळ वेगळे. ‘फ्यूम’ आणि ‘धूम’ ऐकायला वेगळे, पण कूळ एक. शब्दांचे नाते वरवरच्या सारखेपणावरून ठरत नाही. ते ध्वनिबदलांच्या नियमांवरून ठरते.

लंडनचे ‘वाटाण्याचे सूप’

शब्दाची सामग्री तर शेकडो वर्षे तयार होती. तिचे मिश्रण व्हायला लंडनच्या हवेचे मिश्रण व्हावे लागले.

लंडन थेम्स नदीच्या काठी, सखल भागात वसलेले आहे. थंडीत तेथे धुके पडायचेच. त्यात कोळशाची भर पडली. लाकूड महाग होत गेले, तसा घरोघरच्या शेगड्यांत दगडी कोळसा जळू लागला. १६६१ सालीच जॉन एव्हलिन या विद्वानाने ‘फ्यूमिफ्यूजियम’ नावाची पुस्तिका लिहून राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे लंडनच्या धुराविषयी गाऱ्हाणे मांडले होते. पुस्तिकेच्या नावात आपला ‘फूमुस’ पुन्हा भेटतो, पाहा! पुढे कारखाने व आगगाड्या आल्या आणि एकोणिसाव्या शतकात लंडनचे धुके पिवळट व दाट दिसू लागले. लोक त्याला ‘पी-सूप’ म्हणजे वाटाण्याचे सूप म्हणू लागले.

या धुक्याचे शास्त्र समजून घेऊ. हवेतील वाफ थंड होऊन तिचे थेंब व्हायचे, तर त्यांना बसायला काहीतरी सूक्ष्म कण लागतो. खेड्यात असे कण थोडे असतात. धुराने भरलेल्या शहरात ते अगणित असतात. त्यामुळे तेवढ्याच वाफेचे पुष्कळ अधिक आणि अधिक बारीक थेंब बनतात आणि धुके जास्त दाट होते. शिवाय कोळशात गंधक असते. ते जळून सल्फर डायऑक्साइड वायू होतो, थेंबांत विरघळतो आणि हळूहळू त्याचे गंधकाम्ल बनते. म्हणजे येथे धूर एकीकडे आणि धुके एकीकडे असे राहतच नाही. काजळी आणि आम्ल पोटात घेतलेला प्रत्येक थेंब हा धूरही असतो आणि धुकेही.

हेच लोकांच्या मनावर ठसवायचे होते डॉ. हेन्री अँटवान दे व्हॉ यांना. हे लंडनमधील वैद्य, कोळशाच्या धुराविरुद्ध झगडणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते. जुलै १९०५ मध्ये लंडनला भरलेल्या सार्वजनिक आरोग्य परिषदेत त्यांनी धुके व धूर यांवर निबंध वाचला आणि त्यात ‘स्मॉग’ हा शब्द वापरला. त्यांचे म्हणणे असे, की मोठ्या शहरांत जे दिसते ते खेड्यातले धुके नव्हे. ती निराळी वस्तू आहे आणि म्हणून तिला निराळे नाव हवे. १९०५ पूर्वीच्या काही वर्तमानपत्रांतही हा शब्द अधूनमधून विनोदाने वापरलेला आढळतो. तेव्हा दे व्हॉ यांनी तो प्रथम उच्चारला असे म्हणण्यापेक्षा त्यांनी त्याला कामाला लावले, असे म्हणणे योग्य ठरेल.

नाव देऊन असा काय फरक पडतो? खूप पडतो. धुके हे निसर्गाचे देणे. त्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करणार? पण ‘स्मॉग’ म्हटले, की त्यातील निम्मा वाटा माणसाचा, हे त्या नावातच आले. आणि जे माणूस करतो, ते माणसाला थांबवताही येते.

पाच दिवसांचा अंधार

परंतु हे पटायला लंडनला फार मोठी किंमत मोजावी लागली. ५ डिसेंबर १९५२, शुक्रवार. कडाक्याची थंडी होती, म्हणून घरोघरी शेगड्या पेटल्या होत्या. वारा पडलेला होता. आणि शहरावर हवेचे ‘झाकण’ बसले होते.

हे झाकण कसले? एरवी जसजसे वर जावे, तसतशी हवा थंड होत जाते. सरासरीने दर किलोमीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअस. जमिनीजवळची ऊबदार, हलकी हवा वर चढते आणि धूर सोबत घेऊन जाते. पण कधी कधी याच्या उलट होते. जमिनीलगतची हवा थंड व जड, आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर. याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. मग खालची हवा वर चढू शकत नाही आणि धूर जेथल्या तेथे साचत राहतो.

त्या दिवसांत लंडनमध्ये रोज सुमारे १,००० टन धुराचे कण आणि ३७० टन सल्फर डायऑक्साइड हवेत मिसळत होता. काही भागांत माणसाला स्वतःची पावले दिसेनात. बससेवा बंद पडली. भुयारी रेल्वे तेवढी चालू राहिली. ‘सॅडलर्स वेल्स’ नाट्यगृहात धुके आत शिरल्यामुळे संगीतिकेचा प्रयोग पहिल्या अंकानंतर थांबवावा लागला. प्रदर्शनासाठी आणलेली धष्टपुष्ट गुरे गुदमरली, त्यांतील काही दगावली. मंगळवारी ९ तारखेला वारा सुटला आणि आकाश दिसले.

पण खरा अनर्थ नंतर, मृत्यूंच्या नोंदी मोजल्यावर उघड झाला. एरवीपेक्षा सुमारे ४,००० माणसे अधिक मेली होती. त्यांत मुख्यतः वृद्ध, तान्ही मुले, दम्याचे व हृदयविकाराचे रुग्ण होते. पुढच्या महिन्यांतील मृत्यूही धरले, तर हा आकडा सुमारे १२,००० होतो, असे अलीकडच्या अभ्यासकांचे अनुमान आहे. या आपत्तीनंतर १९५६ साली ब्रिटनमध्ये शुद्ध हवेचा कायदा झाला. शहरांत धूरबंदीचे विभाग ठरवले गेले आणि घरांत बिनधुराचे इंधन आले. वाटाण्याचे सूप हळूहळू नाहीसे झाले. आपल्या मनात ‘फक्त धुके’ असलेली गोष्ट थांबवता येते, हे सिद्ध झाले.

शब्दाने वाट चुकवली

येथे गोष्ट संपली असती, तर ती साधी झाली असती. पण याच सुमारास अटलांटिकपलीकडे, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात, शब्दाने एक वेगळाच खेळ केला.

जुलै १९४३ मध्ये एके दिवशी त्या शहरावर तपकिरी झाक पसरली. डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवू लागला. महायुद्धाचे दिवस, शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही काहींना आली. पुढे हा प्रकार वारंवार घडू लागला. लोकांनी त्याला लंडनचेच नाव दिले, ‘स्मॉग’. आणि स्मॉग म्हटल्यावर सारे धूर शोधू लागले. कृत्रिम रबराचा कच्चा माल करणाऱ्या एका कारखान्यावर बोट ठेवले गेले. तो काही काळ बंद झाला, तरी स्मॉग येतच राहिला. गंधकयुक्त वायू आवरले, तरी डोळ्यांची आग कमी झाली नाही.

वास्तविक, नीट पाहिले असते तर विसंगती समोरच होती. लंडनचा स्मॉग थंडीत, दमट हवेत यायचा. येथला स्मॉग कडक उन्हात, कोरड्या हवेत यायचा. येथे कोळसा फारसा जळत नव्हता. म्हणजे या ‘स्मॉग’मध्ये ना खरा धूर होता, ना खरे धुके!

हे कोडे सोडवले आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. ते कॅलिफोर्नियात अननसाचा स्वाद कोणत्या रसायनांमुळे येतो, याचा अभ्यास करीत होते. फळाच्या वासातील सूक्ष्म अंश गोळा करण्याची त्यांची हातोटी होती. तीच त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. त्यांना दिसले, की मोटारींच्या धुराड्यांतून व पेट्रोलियमच्या कारखान्यांतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होते आणि त्यातून ओझोन व इतर झोंबणारे पदार्थ तयार होतात. ओझोनने रबराला चिरा पडतात. तेव्हा वाकवलेली रबराची पट्टी हवेत ठेवून पहिली चीर पडायला किती वेळ लागतो, हे पाहून त्यांनी ओझोनचे मोजमाप केले. साधी पट्टी आणि घड्याळ, एवढीच सामग्री! १९५२ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. योगायोग पाहा, लंडनची आपत्तीही त्याच वर्षीची.

म्हणून आज शास्त्रज्ञ दोन प्रकार मानतात. पहिला लंडन-प्रकारचा, गंधकयुक्त धूर आणि धुके यांचा. दुसरा लॉस एंजेलिस-प्रकारचा, प्रकाशरासायनिक. दोहोंचे उपाय निराळे. पहिल्यासाठी कोळसा आवरावा लागतो, दुसऱ्यासाठी मोटारींचे उत्सर्ग. दिल्लीच्या हिवाळी स्मॉगमध्ये तर वाहने, कारखाने, धूळ, कचरा व शेतातील खुंटांचा जाळ अशा अनेकांचे वाटे असतात आणि वर तापमान-व्युत्क्रमणाचे झाकण असते. नाव एक असले, तरी प्रत्येक ठिकाणी आत काय आहे, हे मोजूनच पाहावे लागते.

आपला ‘धुरके’

‘स्मॉग’ शब्दाला पुढे भावंडेही झाली. हवाई बेटांवर ज्वालामुखीच्या वायूंमुळे जे धूसर वातावरण होते, त्याला ‘व्होल्कॅनो’ आणि ‘फॉग’ मिळून ‘व्हॉग’ म्हणतात. जर्मन भाषेत स्वतःचे ‘राउख’ व ‘नेबेल’ असतानाही तिने ‘स्मॉग’ जसाच्या तसा उचलला.

मराठीने मात्र उसनवारी न करता कृती उचलली. धूर आणि धुके मिळून आपण म्हणतो ‘धुरके’. हा शब्द कसा बेमालूम जुळला आहे, पाहा. ‘स्मोक’ व ‘फॉग’ यांचा आरंभ वेगळा आहे, म्हणून तेथे कापाकापी करावी लागली. धूर आणि धुके या दोहोंचा आरंभ ‘ध’नेच होतो, त्यामुळे मध्ये ‘र’ आणि शेवटी ‘के’ एवढे ठेवले, की काम झाले. सांधा कोठे आहे, हे सांगावे लागते!

करून पाहा

तापमानाचे व्युत्क्रमण घरी पाहता येते. सारख्या तोंडाच्या दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत गार पाणी व निळी शाई घाला. दुसरीत चांगले कोमट (उकळते नव्हे) पाणी व लाल शाई घाला. दोन्ही काठोकाठ भरा. कोमट पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर जाड, गुळगुळीत कागद दाबून ती गार बाटलीवर उलटी ठेवा. तोंडे जुळल्यावर कागद अलगद ओढून घ्या. हे काम परातीत आणि मोठ्यांच्या मदतीने करा. लाल पाणी वर आणि निळे खाली असे दोन थर बराच वेळ वेगळे राहतील. आता हाच प्रयोग गार पाणी वर ठेवून करा. रंग लगेच मिसळून जांभळे होतील. पहिली जोडी म्हणजे डिसेंबर १९५२ मधील लंडन. दुसरी म्हणजे एरवीचा, धूर वर वाहून नेणारा दिवस.

आणि एक प्रश्न. तुमच्या गावात थंडीच्या सकाळी जे दिसते, ते धुके की धुरके? नुसते पाहून उत्तर देऊ नका. ते किती वाजता येते, ऊन पडल्यावर किती वेळाने जाते, त्याला वास येतो का, त्या वेळी आसपास काय जळत असते, हे पंधरा दिवस वहीत टिपून ठेवा. मगच त्याला नाव द्या. लॉस एंजेलिसच्या लोकांनी आधी नाव दिले आणि मग शोध घेतला; त्यांची कित्येक वर्षे वाया गेली.